न उघडणारें झांकण

धुणें संपतें, यंत्राची घरघर थांबते, आणि गृहिणी कपडे काढावयास जाते तों दार उघडत नाहीं. कांचेंतून पाहावें तर आंत गढूळ पाणी तसेंच उभें. मग घरांतील प्रत्येक जण एकदां हात चालवून पाहतो. कोणी मूठ ओढतो, कोणी फटींत उलथणें घालतो. अखेर मूठ तुटते, आणि पाणी होतें तेथेंच राहतें. वस्तुतः दार अडणें आणि पाणी तुंबणें हे पुष्कळदां दोन निरनिराळे दोष नसून एका दोषाचीं दोन अंगें असतात. तसें कां, याचें उत्तर या यंत्राच्या इतिहासांत सांपडतें.

कपडे यंत्रानें धुण्याची खटपट बरीच जुनी आहे. जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब क्रिस्तियान शेफर या धर्मोपदेशक व निसर्गशास्त्रज्ञ गृहस्थानें अठराव्या शतकांत अशा एका यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. १७८२ सालीं इंग्लंडांत हेन्री सिड्जियर यानें फिरत्या पिंपाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या काळचीं यंत्रें माणसाच्या बळावर चालत. पाणी ओतणें आणि काढून टाकणें हींही हाताचींच कामें होतीं. दांडा फिरविणारा हात थांबला कीं यंत्र थांबे. असल्या यंत्राला कुलपाचें काय काम? झांकण केव्हांही उचलावें आणि आंत पाहावें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हाताची जागा विजेच्या मोटरीनें घेतली, आणि हा निर्धास्तपणा संपला. शिकागोच्या हर्ली कंपनीसाठीं आल्वा फिशर यानें तयार केलेल्या विजेच्या यंत्रास १९१० सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. पुढें मोटरीवर चालणारे पिळणीचे रूळही घरोघर आले. पिंपाच्या कडेवर बसविलेल्या या दोन रुळांमध्यें ओला कपडा सरकवावयाचा, म्हणजे तो पिळून निघे. परंतु मोटरीला कपडा आणि बोटें यांतील भेद कळत नाहीं. कपड्याबरोबर बोटें आंत जात, बोटांमागून हात जाई. मुलें तर कुतूहलानेंच हात घालीत. असे अपघात इतके घडूं लागले कीं शस्त्रवैद्यांच्या ग्रंथांत या इजेला स्वतंत्र नांव मिळालें, आणि रूळ एका झटक्यांत सैल करणारी दांडी यंत्रावर बसवावी लागली.

रुळांना खरा पर्याय मिळाला तो कपडे गरगर फिरवून पाणी बाहेर फेंकण्याच्या युक्तीचा. १९३७ सालीं अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें घरगुती स्वयंचलित यंत्र पुढें आणलें. त्यांत धुणें, खळबळणें व पिळणें हीं तिन्ही कामें एकाच पिंपांत होत. त्याला हादरे इतके बसत कीं तें जमिनीला बोल्टांनीं जखडावें लागे. आजच्या यंत्रांतील अर्धा मीटर व्यासाचें पिंप मिनिटास हजार फेरे घेतें, तेव्हां त्याची कड ताशीं ९० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवते, आणि कडेच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारें २८० पट जोर पडतो. शिवाय वीज तोडली तरी असें पिंप तत्क्षणीं थांबत नाहीं. वेगाच्या भरांत तें कांहीं काळ फिरतच राहतें. हात थांबला कीं यंत्र थांबे, ते दिवस गेले. म्हणून कुलूप आलें.

पुष्कळ यंत्रांतील हें कुलूप मोठ्या युक्तीचें आहे. विजेच्या प्रवाहानें आंतील एक लहानशी गोळी तापते; तिच्या उष्णतेनें दोन धातूंची पट्टी वांकते आणि खिटी अडकते. प्रवाह बंद झाला तरी पट्टी निवावयास मिनिट-दोन मिनिटें लागतात, आणि तेवढ्या अवधींत पिंप निश्चल होतें. समोरून उघडणाऱ्या यंत्रांत आणखी एक धोका असतो. दार पाण्याच्या पातळीखालीं येत असल्यामुळें तें अवेळीं उघडलें तर सारें पाणी घरांत यावयाचें. यासाठीं एका बारीक नळींतील हवेच्या दाबावरून यंत्र पाण्याची उंची जाणतें, आणि पाणी आहे तोंवर दार सोडीत नाहीं.

तेव्हां उपायाचा क्रम उघड आहे : आधीं पाणी, मग दार. प्रथम वीज बंद करून पांच मिनिटें थांबावें. सांडपाण्याची नळी कोठें मुडपली किंवा भिंतीशीं दाबली गेली आहे काय तें पाहावें. नंतर केवळ पाणी काढण्याचा क्रम लावून कान द्यावा. पंप घुमतो पण पाणी जात नाहीं, तर अडथळा बहुधा गाळणींत असतो. पुन्हा वीज तोडून, प्लग काढून, पाणी निवूं द्यावें. खालीं परात व जुना पंचा ठेवून यंत्राच्या तळाशीं असलेली गाळणी हळूहळू सैल करावी. बटण, नाणें, केसांची गुंतवळ किंवा बाळाचा पायमोजा, यांपैकीं कांहींतरी हातीं लागतें. साबणाची पूड अति झाल्यास फेसानेंही पंप दमतो. पाणी गेल्यावरही दार अडलेंच, तर पुष्कळ यंत्रांत गाळणीजवळ ओढावयाची एक दोरी असते. ती नसेल तर कारागीर बोलवावा. पंप मुळींच घुमत नसेल तरीही तोच मार्ग.

महाराष्ट्रांतील अनेक घरांत मोरीजवळ दोन पिंपांचें अर्धस्वयंचलित यंत्र असतें. त्यांतील पाणी पंपानें नव्हे, उतारानें जातें. म्हणून त्याची नळी मोरींत खालींच सोडावी लागते, वर टांगली कीं पाणी तुंबलेंच. उलट पंपाच्या यंत्राची नळी जमिनीपासून दोन-तीन फूट वर न्यावी लागते, नाहीं तर भरलेलें पाणी आपोआप वाहून जातें. जुनें यंत्र देऊन नवें आणलें, पण नळी संवयीनें जुन्याच जागीं सोडली, कीं हा घोटाळा होतो.

न उघडणाऱ्या दाराचा राग येणें साहजिक आहे. परंतु रुळांत सांपडलेल्या हातांनीं शिकविलेला धडा या कुलपांत आहे. दार अडून बसतें तेव्हां बहुतेक वेळां तें आपलें कामच करीत असतें. तपासावयाचें असतें तें पाणी.