चोरटी सागरी वाहतूक (मुंबई इलाखा)

पडाव, मचवे, फत्तेमाऱ्या अशा किनारी व्यापारी गलबतांतून जकात चुकवून किंवा बंदी असलेला माल नेण्याचा व्यवहार, आणि तो मोडण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने व पुढे ब्रिटिश सरकारने केलेले उपाय. अफू आणि मीठ हे त्यातले मुख्य जिन्नस. ठाण्यापासून कारवारपर्यंतचा किनारा खाड्यांनी चिरलेला. वर दमण, खाली गोवा, दोन्ही पोर्तुगीजांकडे. गलबतांच्या झडतीने भागणारे काम हे नव्हते. म्हणून सरकारचा खरा जोर माल निघतो त्या जागेवर आणि शेजाऱ्याशी करार करण्यावर राहिला.

अफू : माळव्याची अफू परस्पर चीनला जाऊ नये म्हणून कंपनीने संस्थानिकांशी करार करून वाटा अडवल्या. व्यापाऱ्यांनी पाली-जैसलमेरवरून कराची गाठली. तिथून माल समुद्रमार्गे दमणला जाई. १८३० साली कंपनीने अडवणूक सोडून मुंबईमार्गे माल नेण्याचे परवाने सुरू केले. पेटीमागे १७५ रुपये घेतले जात. दमणचा ओघ थांबेना, तेव्हा १८३५ मध्ये दर १२५ वर आणला. १८४३ मध्ये सिंध ताब्यात येताच कराचीची वाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत दर ४०० रुपयांवर गेला.

मीठ : १८३७ च्या कायद्याने मणाला आठ आणे कर बसला. तो चढत गेला तशी गोव्याच्या स्वस्त मिठाला कोकणात मागणी वाढली. पेडर या अधिकाऱ्याने मीठ-कराच्या व्यवस्थेची चौकशी केल्यानंतर १८७३ चा मीठ कायदा झाला. विखुरलेल्या आगरांवर पहारा ठेवणे अवघड, म्हणून अनेक लहान मिठागरे बंद केली गेली. २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्यातील मीठ-उत्पादनच ब्रिटिश देखरेखीखाली आले. मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळत. या बंदोबस्ताची खरी झळ कोळी, गाबीत हे मच्छीमार आणि लहान आगरवाले यांना बसली, आणि कोणत्याही जप्तीपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची आहे. मासळी खारवायला सवलतीचे मीठ मिळे, पण ते सरकारी खारवण-आवारातच. मीठ तोलून घ्यायचे, मासळी तिथेच खारवायची, उरलेले मीठ बाहेर न्यायचे नाही. पोर्तुगीजांशी झालेला करार १८९२ मध्ये संपला.

कायदा : १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याने चोरट्या मालाबरोबर तो वाहणारे गलबतही जप्त करता येई. जप्तीच्या आकड्यांवरून मात्र चोरट्या व्यापाराचा एकूण आकार ठरवता येत नाही.

उत्तरकाळ : मिठावरील कर १९४७ मध्ये उठला, सागरी सीमाशुल्क कायद्याची जागा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली.