सहा महिन्यांच्या गोळ्या, सहा महिन्यांचा हंगाम

बाबासाहेबांनी कामगारांना ईएसआय दिली, हे आपण दर 14 एप्रिलला सांगतो. त्यांच्या खात्यातच त्या योजनेचा पाया घातला गेला, म्हणून ते खरेच आहे. पण त्या कायद्याच्या पहिल्याच कलमातले तीन शब्द आपल्या भाषणात कधी येत नाहीत : ‘हंगामी कारखाने सोडून’. हंगामी म्हणजे कोणते, याची यादी कायद्यातच आहे. त्या यादीत साखर आहे, गूळही आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. 1943 मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अभ्यास प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवला गेला, 1944 मध्ये अहवाल आला. अडारकरांनी कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू हे तीनच उद्योग धरले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या स्टॅक आणि राव यांनी वर्षभर चालणाऱ्या सगळ्या कारखान्यांपर्यंत योजना वाढवायला सांगितले. बाबासाहेब मंडळातून बाहेर पडल्यावर विधेयक आले, 1948 मध्ये कायदा झाला. त्या काळी ही मर्यादा समजण्यासारखी होती. वर्गणी पगारातून कापायची, दवाखाना ठरवून द्यायचा, तर माणूस हजेरीपटावर आणि एका पत्त्यावर हवा. माझा राग त्यावर नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला, राग त्यावर आहे.

आपल्यातले जे मुंबईच्या गिरण्यांत शिरले, त्यांना पुढे ईएसआयचे कार्ड मिळाले. (विणकाम खात्यात आपल्याला घेत नव्हते, ती गोष्ट वेगळी.) जे बीडहून कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरला गेले, त्यांना काहीच नाही. साखर कारखाना त्यांना आपला कामगार मानतच नाही. उचल मुकादमाची, हिशेब मुकादमाचा.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. 1959 मध्ये मद्रासच्या संशोधनाने दाखवले की सॅनेटोरियममध्ये न ठेवता, घरी राहून घेतलेले औषधही तितकेच लागू पडते. गरिबांसाठी ही मोठी गोष्ट होती. पण त्यात ‘घर’ गृहीत होते. पुढे डॉट्स आले, गोळ्या ठरल्या केंद्रावर, कोणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायच्या. साध्या क्षयाचा उपचार सहा महिने, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. दिवाळीच्या सुमारास खोकल्याचे निदान झाले, तर सगळा उपचार कोपीत येतो.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या. मी विचारले, तर म्हणाल्या, “दवाखान्यात गेलं की खाडा पडतो बाळा, अन् खाड्याचे पैसे माझ्याच अंगावर.” सरकारी कागदावर अशा माणसाला ‘उपचार सोडलेला रुग्ण’ म्हणतात. आम्हीही एमएच्या वर्गात हेच वाचले होते, अज्ञान आणि बेफिकिरी म्हणून.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. डॉक्टरांचा नफा, मुकादमाचा दबाव यावर पुष्कळ लिहिले गेले. पण आणखी एक कारण आहे. अंगावरून पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, यावर औषधे आहेत, पण ती पुरी करावी लागतात, परत दाखवायला जावे लागते. फडावर धड पाणी नाही, आडोसा नाही, आज एक गाव तर पंधरा दिवसांनी दुसरे. तिथे उपचार चालू ठेवता येत नाही. शस्त्रक्रिया मात्र गावी असताना एकदाच करून टाकता येते.

1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मोफत औषधोपचाराची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती. तो कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडची टोळी बेळगावला गेली तर लागू व्हायचा, कोल्हापूरला गेली तर नाही. रोगाला ही हद्द कळत नाही, एवढे कायदा करणाऱ्यांना कसे कळले नाही?

2012 पासून क्षयरुग्णांची नोंद निक्षय प्रणालीत होते. त्या नोंदीवर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो. फक्त कोणीतरी तो वर्ग करायला हवा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात. त्याआधी आपल्या वस्तीत कोणाच्या गोळ्या चालू आहेत ते विचारा, निक्षय क्रमांक लिहून घ्या, कारखाना कोणत्या तालुक्यात आहे ते मुकादमाकडून काढा आणि तिथल्या क्षयरोग पथकाला फोन करा. आम्ही भाद्रपदातच यादी करायला बसतो.