मक्याचे पाणी आणि पिंपरीचे पेनिसिलिन

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकातील अमेरिका म्हटली की लांबलचक मोटारी, घरोघरी आलेले दूरचित्रवाणी संच आणि शहराबाहेर उठलेल्या एकसारख्या घरांच्या वसाहती डोळ्यांपुढे येतात. त्या सुबत्तेची एक वेगळी खूण मात्र आम्हां मारुंजीकरांच्या जवळच, पिंपरीत आहे.

पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लंडनला लागला. पण ते विपुल झाले अमेरिकेत. १९४१ मध्ये इंग्रज संशोधक त्याची बुरशी घेऊन पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत गेले. मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्यात ती वाढविल्यास औषध कितीतरी पटींनी अधिक मिळते, असे तेथे आढळले. १९४५ मध्ये सैनिकांचे हे औषध अमेरिकेतील दुकानांत सामान्य माणसालाही मिळू लागले. तिकडे १९४८ मध्ये या पद्धतीचे पेटंटही निघाले.

आपल्या देशाला मात्र पेनिसिलिन परदेशातून आणावे लागे. अखेर जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीस ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. युनिसेफच्या त्या वेळच्या निधीत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचाच होता.

म्हणजे ज्या समाजाने औषधाच्या कृतीवर हक्क नोंदविला, त्याच समाजाचा पैसा ती विद्या इतरांस देण्याच्याही कामी आला. त्या दशकाचे मोल करताना आपण या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुबत्ता किती घरांत मावली, याइतकेच ती घराबाहेर किती पोचली, हेही इतिहासाने विचारावे, असे आम्हांस वाटते.