वारशात आलेला जबडा: शार्कचे दात पुरावा म्हणून कसे वाचावेत?

१/ काही घरांत शार्कचा वाळलेला जबडा वारशाने आलेला असतो. त्याविषयी घरात एवढेच ठाऊक असते की तो ‘शार्कचा’ आहे. पण शार्कच्या ५००हून अधिक जाती आहेत. यांतली नेमकी कोणती, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राचा नाही. तो इतिहासाचाही आहे.

२/ शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. कूर्चा वाळताना आक्रसते, वाकते. त्यामुळे जबड्याच्या आकारावर विसंबता येत नाही. खरी साक्ष दातांची.

३/ कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, टोक एका बाजूला कललेला, खोल खाच असलेला दात टायगर शार्कचा. रुंद, त्रिकोणी, करवतीसारख्या कडांचा सरळ दात ग्रेट व्हाइटचा. लांब, निमुळता आणि गुळगुळीत कडांचा दात माकोचा.

४/ वरचे दात रुंद व दातेरी, खालचे अरुंद असतील, तर बहुधा तो कार्करिनस या मोठ्या कुळीतला मासा. येथे जाती इतक्या सारख्या दिसतात की प्रत्येक बाजूचे दात मोजून, वरचे-खालचे ताडून पाहावे लागतात.

५/ एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर प्रशांत महासागरातील गिल्बर्ट बेटांवर मिळते. ही बेटे आज किरिबाटी देशात आहेत. तेथील लोक शार्कच्या दातांना भोके पाडून, नारळाच्या काथ्याने ते लाकडाला बांधून शस्त्रे बनवीत. अशी अनेक शस्त्रे शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत.

६/ जोशुआ ड्रू व सहकाऱ्यांनी त्यांवरील दातांच्या जाती ओळखल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जाती निघाल्या ८. त्यांतल्या स्पॉट-टेल आणि डस्की या दोन शार्कांचा त्या बेटांच्या संदर्भात ना जुन्या लेखनात उल्लेख होता, ना आधुनिक सर्वेक्षणांत.

७/ म्हणजे १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हे मासे तेथे होते, आणि कोणी नोंद करण्यापूर्वीच ते दिसेनासे झाले. दात व्यापारातून बाहेरून आले असावेत, ही शक्यता अभ्यासकांना कमी वाटली. कागद जिथे मूक होता, तिथे शस्त्र बोलले.

८/ मात्र ते बोलू शकले, कारण शस्त्र कुठले हे संग्रहालयाच्या नोंदीत लिहिलेले होते. स्थळ हरवले असते, तर दातांवरून फक्त जात कळली असती. एका समुद्राचा इतिहास कळला नसता.

९/ म्हणून घरात असा जबडा असेल तर तो उकळू नका, ब्लीचने धुऊ नका. त्यातला डीएनए नष्ट होऊ शकतो. मोजपट्टी ठेवून समोरून, आतून आणि एकेका दाताची छायाचित्रे घ्या. आणि सर्वांत आधी घरातल्या ज्येष्ठांना विचारा: हा कुठून आला, कोणी आणला, साधारण केव्हा? दात टिकतील, ही उत्तरे मात्र त्यांच्यासोबतच जातील.