अस्थैर्यकारक शक्ती : खानदेश

एखाद्या प्रदेशाची राज्यव्यवस्था, त्यातील अर्थव्यवहार आणि माणसामाणसांतील विश्वासाचे संबंध ज्यांच्या आघाताने आपला नेहमीचा तोल गमावतात, अशा कारणांना समुच्चयाने अस्थैर्यकारक शक्ती म्हणतात. युद्ध, सत्तांतर, दुष्काळ, भावांतील तीव्र चढउतार, करपद्धतीतील आकस्मिक बदल आणि पतपुरवठ्याचा संकोच ही त्यांची ठळक रूपे होत. खानदेशात, म्हणजे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग होऊन ज्यातून आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा निघालेला नंदुरबार जिल्हा घडला त्या मुलखात, या शक्तींचे कार्य दोन शतके जवळजवळ सलग पाहता येते. येथे आघात बहुधा बाहेरून आला. परंतु त्याचे अनर्थात रूपांतर झाले ते गावातच, कारण रयतेची मिळकत दूरच्या बाजाराबरोबर हेलकावे खात असताना तिच्यावरील सरकारी सारा आणि सावकारी हप्ता मात्र रोकड रकमेत व ठरल्या तारखेस बांधलेला होता. या विसंगतीचे सर्वांत स्वच्छ दर्शन १८६१ ते १८६५ या काळातील कापसाच्या तेजीत व तिच्या उतारात घडते, म्हणून प्रस्तुत नोंदीत तिला अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशा या काळ्या जमिनीच्या पट्ट्यातून हिंदुस्थान व दक्षिण यांना जोडणारा बऱ्हाणपूर-अशीरगडाचा राजमार्ग जात असे. त्यामुळे पिकाबरोबर फौजाही येथूनच जात. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने केलेली नासाडी आणि पाठोपाठ आलेला १८०३-०४ चा दुष्काळ यांनी गावेच्या गावे उजाड झाली. इंग्रजांशी झालेल्या युद्धानंतर ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे झालेल्या तहान्वये होळकरांनी खानदेशातील आपला मुलूख इंग्रजांस दिला. परंतु तह करणारा दरबार आणि किल्ल्यावरची शिबंदी यांच्यामध्ये किती अंतर होते, हे पुढच्याच महिन्यात थाळनेर येथे दिसून आले. किल्ला खाली करण्याचा हुकूम किल्लेदाराने मानला नाही, दरवाजाशी झालेल्या झटापटीत इंग्रज अंमलदार पडले, आतील अरब शिबंदी कापली गेली आणि इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप याने किल्लेदारास फाशी दिले. कागदावर मिटलेले युद्ध स्थानिक माणसांच्या प्राणांनी चालू राहिले, याचे हे दारुण उदाहरण होय.

नव्या अंमलाचा पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे आपले ठाणे केले. डोंगरातील भिल्लांच्या ठिकठिकाणच्या नाकेबंदीचे व गावराखणीचे परंपरागत हक्क सत्तांतराच्या गोंधळात बुडाल्यामुळे ते लूटमारीस प्रवृत्त झाले होते, आणि केवळ शस्त्रबळाने त्यांचा बंदोबस्त होईना. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचे ठाणे धरणगावी ठेवले आणि जोडीला गुन्ह्यांची माफी, जमीन व तगाई यांचा उपयोग केला. उपजीविका परत मिळताच अशांततेचा मोठा भाग ओसरला, ही गोष्ट पुढील काळातील राज्यकर्त्यांनी स्मरणात ठेवली असती तर बरे झाले असते.

मोजणीविरुद्धचा उठाव, १८५२. जमिनीची मोजणी व प्रतवारी करून तीस वर्षांच्या मुदतीचा सारा ठरविण्याची मुंबई सरकारची पद्धत खानदेशात लागू होऊ लागताच सावदा, फैजपूर, यावल व एरंडोल या भागांत शेतकरी हजारोंच्या संख्येने जमा झाले आणि त्यांनी मोजणी थांबविण्याची मागणी केली. शेवटी लष्कर आणून पुढाऱ्यांस कैद करावे लागले. या चळवळीस अज्ञानमूलक ठरविण्याकडे सरकारी लेखकांचा कल दिसतो. वस्तुतः रयतेची शंका मूलगामी होती. पीक बुडाले तर जुन्या जमाबंदीत, ती कितीही जाचक असली तरी, मामलेदारापुढे गाऱ्हाणे मांडून सूट वा तहकुबी मिळविण्यास वाव असे. नव्या पद्धतीत आकडा एकदा नोंदला गेला की पुढील एक पिढी तो हलणार नव्हता. सरकारच्या दृष्टीने हे स्थैर्य होते. परंतु सरकारी जमेचे स्थैर्य साधताना पावसाची व भावाची सगळी अनिश्चितता कुणब्याच्या शिरावर गेली, आणि ते त्याला मोजणीच्या साखळीकडे पाहताच कळले होते.

तेजी, १८६१–१८६५. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडील राज्यांच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस याच बंदरांतून येत असल्यामुळे लिव्हरपूलच्या बाजारात युद्धापूर्वी पौंडाला सात पेन्सच्या आसपास असलेला अमेरिकी कापसाचा भाव १८६४ च्या उन्हाळ्यात तीस पेन्सच्या घरात गेला. इंग्लंडच्या गिरणीमालकांनी आजवर हलका म्हणून नाक मुरडलेला हिंदुस्थानी कापूस एकाएकी मौल्यवान झाला, आणि गुजरात, वऱ्हाड व खानदेश या तीन प्रदेशांवर मुंबईच्या पेढ्यांचे लक्ष खिळले.

या वेळी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लोहमार्गाची आखणी नाशिकवरून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी पुढे सरकत होती; थळघाट १८६५ मध्ये खुला झाला आणि १८६७ मध्ये गाडी नागपुरास पोहोचली. नशिराबादच्या छायेत असलेले जळगाव हे तोवरचे साधे गाव युद्धाच्या वर्षांत कापसाची मोठी पेठ बनले. वेचणीनंतर घरोघर रेच्यावर सरकी काढून रुई निराळी करीत, ती गोणपाटात तुडवून भरीत आणि बैलगाडीने पेठेस आणीत. पेठेत आडत्या बोंदऱ्याच्या, म्हणजे रुईच्या गोणीच्या, शिवणीतून हात घालून आतली मूठभर रुई बाहेर काढी, तिचा धागा दोन्ही अंगठ्यांमध्ये ताणून पाही, ओल व पाचोळा तपासी आणि मग खंडीचा भाव बोले. ही खंडी मुंबईच्या कापूसबाजारात ७८४ पौंडांची धरीत. भाव चढता असल्यामुळे तपासणी ढिली पडली. रुईत सरकी, माती व पाने मिसळणे, वजन वाढविण्यासाठी पाणी शिंपडणे, हे प्रकार इतके बोकाळले की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करून तपासनीस नेमावे लागले. बाजाराला एकत्र बांधून ठेवणारी खात्री तेजीतच प्रथम झिजते, हे येथे लक्षात घ्यावे. मंदी त्या झिजेचा केवळ हिशेब दाखविते.

रयतेच्या हाती आलेला पैसा खरा होता, आणि त्याने काही घरांत पक्क्या भिंती, बैलांच्या नव्या जोड्या, विहिरी व दागिने आले, यात संशय नाही. परंतु ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस शिरला तसे धान्य महागले. ज्याच्यापाशी विकायला कापूस नव्हता त्या सालदाराला व बलुतेदाराला ही तेजी केवळ महागाईच्या रूपाने भेटली. शिवाय भाव वाढला म्हणजे जमिनीची किंमत वाढते, आणि जमिनीची किंमत वाढली म्हणजे तिच्यावर मिळणारे कर्जही वाढते. सावकार पूर्वी पिकाकडे पाहून उधार देत असे. आता तो जमिनीच्या तारणावर हात सैल सोडून देऊ लागला. तेजीच्या वर्षांत कर्ज फिटण्याऐवजी वाढले, ही विचित्र वाटणारी वस्तुस्थिती अशी घडून आली.

मुंबईत याच पैशाने सट्ट्याचे रूप घेतले. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या प्रभावाखाली बँका, वित्तसंस्था व समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाची किंमत पन्नास हजारांच्या घरात गेली. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, ती बातमी पोहोचताच कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. सरकारचा भाग असलेली बँक ऑफ बॉम्बेही यातून सावरली नाही व १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक स्थापावी लागली. जळगावची पेठ या आघाताने एकदम खाली बसली. तिला पुन्हा बाळसे धरण्यास काही काळ लागला.

पतपुरवठ्याचा संकोच. मुंबईच्या पेढीने हात आखडला की जळगाव, धरणगाव वा अमळनेरच्या आडत्याने हात आखडावा, त्याने आखडला की गावच्या सावकाराने जुनी बाकी मागावी, असा हा क्रम होता; साखळीच्या शेवटच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला मागणी करण्यासाठी खाली कोणीच उरत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर फिर्याद करण्याची मुदत तीन वर्षे केली होती. ऋणकोचे रक्षण व्हावे हा तिचा हेतू. फळ उलटे निघाले. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई आणि त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवी. उदाहरणार्थ, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने घेतलेले शंभर रुपये तीन वर्षांनी एकशे बहात्तर होतात. त्यांचे नवे खत झाले आणि आणखी तीन वर्षे काही भरता आले नाही, की आकडा दोनशे शहाण्णव होतो, आणि या सहा वर्षांत कुणब्याच्या पदरात नवा एक पैसाही पडलेला नसतो. त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. दिवाणी कोर्ट खत खरे आहे की नाही एवढेच पाही, हुकूमनामा देई आणि दरखास्तीमागून जप्ती येई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत लोकांनी सावकारांकडून हीच खते हिसकावून जाळली. दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत झाले. चौकशी आयोगाने कापसाचे भाव उतरल्यानंतरचा पतसंकोच हे त्यांचे एक कारण मानले. १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्याने खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला, परंतु तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. जेथे दंगा झाला तेथे आणि त्याच्या शेजारी कायदा पोहोचला. खानदेशातील रयतेने खते जाळली नाहीत म्हणून तिला पंचवीसएक वर्षे थांबावे लागले. शांत राहणाऱ्यास न्याय उशिरा देणारे शासन स्वतःच अशांततेचे शिक्षण देते, असे म्हणणे भाग आहे.

या काळात सर्वाधिक हानी भिल्लांची झाली. आउट्रमने ज्यांना जमिनी देऊन वसविले त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळांच्या जमिनी तापीच्या उत्तरेकडील शहादा-तळोदे भागात कर्जापायी गेल्या आणि ते आपल्याच शेतावर सालदार झाले. १९७१-७२ मध्ये आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि श्रमिक संघटनेच्या रूपाने या प्रश्नाला तोंड फुटले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ मध्ये झाला.

विसावे शतक. १८९९-१९०० च्या दुष्काळाची, म्हणजे संवत १९५६ च्या ‘छपन्या’ची, आठवण खानदेशात दीर्घकाळ टिकली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचा भाव निम्म्याच्याही खाली आला, सारा मात्र रुपयांत होता तेवढाच राहिला, आणि १८६५ नंतरची स्थिती पुन्हा उद्भवली. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूरला झाले, त्यात सारा व खंड कमी करणे आणि कर्जाचा भार हलका करणे यांचा कृषिकार्यक्रम संमत झाला. धनाजी नाना चौधरी व साने गुरुजी यांच्यासारख्यांनी त्यासाठी गावोगाव केलेले कार्य सुप्रसिद्ध आहे. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी मोजणीला विरोध केला म्हणून याच परिसरात लष्कर आले होते. साऱ्याविषयीची रयतेची तक्रार आता राष्ट्रीय ठरावात उतरली. मुंबई प्रांताचा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा १९३९ मध्ये झाला.

स्वातंत्र्योत्तर काळात भावाची अनिश्चितता शासनाने स्वतःच्या अंगावर घ्यावी, या विचाराचा सर्वांत धाडसी प्रयोग म्हणजे महाराष्ट्राची १९७२ ची एकाधिकार कापूस खरेदी योजना होय. तीत खाजगी व्यापाऱ्यास खरेदीची बंदी होती आणि हमीभावाखेरीज नफ्यातील वाटाही शेतकऱ्यास मिळावयाचा होता. शेजारच्या राज्यांत भाव चढले की कापूस सीमेपलीकडे जाई, उतरले की पलीकडचा कापूस केंद्रांवर येई. तोटा साचत गेला, चुकारे लांबले आणि नव्या शतकाच्या आरंभी एकाधिकार उठला. मार्च २०११ मध्ये जागतिक भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. पुढच्याच वर्षी, ५ मार्च २०१२ रोजी, केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा हा तिचा उद्देश होता. शेतकऱ्यांच्या व कृषिमंत्र्यांच्या विरोधानंतर आठवड्याभरात ती शिथिल करावी लागली.