गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय? बिघाड नेमका कुठे आहे ते असं ओळखा!

काटा पाव टाकी दाखवत असतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. पेट्रोल संपलेलं असतं! हे घाटात किंवा एक्सप्रेसवेवर झालं तर प्रकरण गंभीर होतं. इंजिन बंद पडताच पॉवर स्टिअरिंग जड होतं. दोन-तीन वेळा ब्रेक दाबला की ब्रेकही कडक लागायला लागतो. म्हणून काट्याचा बिघाड 'चालतंय की' म्हणून सोडू नका.

काटा चालतो कसा?

टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली येतो आणि त्याला जोडलेला दांडा एका विद्युत पट्टीवर सरकतो. त्यामुळे विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून मीटरमधला काटा हलतो. या जोडणीला सेंडर युनिट म्हणतात. बहुतेक गाड्यांत ते पेट्रोल पंपासोबत टाकीतच बसवलेलं असतं.

हा बिघाड नाही!

टाकी फुल केल्यावर बरेच किलोमीटर काटा हलत नाही आणि नंतर भरभर उतरतो, हे अनेक गाड्यांत होतं. टाकीचा आकार वेडावाकडा असतो आणि फ्लोट अगदी वरपर्यंत जात नाही. चढ-उतारावर पेट्रोल एका बाजूला जातं, तेव्हाही काटा थोडा फसवतो. म्हणून काटा नेहमी सपाट जागी बघा.

लक्षणावरून दोष ओळखा

१. काटा सतत रिकामी टाकी दाखवतो: फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं असेल किंवा दांडा अडकला असेल. वायर तुटल्यावरही काही गाड्यांत असंच होतं.

२. काटा थरथरतो किंवा दरवेळी ठरावीक पातळीवर अचानक पडतो: सेंडरची पट्टी त्या जागी झिजलेली असण्याची शक्यता जास्त.

३. तापमानाचा काटाही वेडावाकडा चालतो: दोष टाकीत नसून फ्यूज, अर्थिंग किंवा मीटरमध्ये असू शकतो.

कधी कधी दोष इंधनाचाही असतो. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुईझियाना राज्यांत पेट्रोलमध्ये गंधक जास्त गेल्याने अनेक गाड्यांचे गेज बिघडले होते. सेंडरमधल्या चांदीच्या संपर्कबिंदूंवर गंधकाचा थर चढतो.

दुरुस्ती कशी करायची?

स्वस्तातल्या गोष्टी आधी तपासा. फ्यूज, मग अर्थिंगची वायर, मग सेंडरचा कनेक्टर. कनेक्टरवर गंज असेल तर तो साफ करूनही काम होऊ शकतं. त्यानंतर मेकॅनिकला मल्टिमीटरने सेंडरचा रोध मोजायला सांगा. फ्लोट हलवल्यावर रोध सलग बदलला तर सेंडर ठीक आहे, दोष वायरिंग किंवा मीटरमध्ये शोधा. आकडा उड्या मारत असेल तर सेंडर बदला. काही गाड्यांत तो सुटा मिळतो, काहींत पंपासह पूर्ण युनिट घ्यावं लागतं. म्हणून खर्च आधीच विचारून घ्या.

टाकी मात्र घरी उघडू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते आणि एका ठिणगीने पेटते. हे काम मोकळ्या जागेत, बॅटरी काढून, जाणकारानेच करावं.

तोपर्यंत काय?

नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. समजा टाकी ३५ लिटरची आहे आणि मायलेज १५ चं. म्हणजे साधारण ५२५ किलोमीटरची धाव. तुम्ही ३५० लाच पुन्हा पेट्रोल भरा. स्क्रीनवर दिसणाऱ्या 'इतके किमी बाकी' या आकड्यावर विसंबू नका, कारण तोही त्याच सेंडरच्या भरवशावर असतो.

आणखी एक. टाकी नेहमी तळाला नेऊ नका. टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. डिझेल गाडीत तर इंधन संपलं की पाइपमध्ये हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय अनेकदा गाडी सुरूच होत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी 'काट्याचं काय, मला अंदाज आहे' म्हणणारं असेल, तर त्यांना हे नक्की पाठवा!