पंचहौदातला एक आठवडा : ऑक्टोबर 1890

उजाडायच्या आत घंटा होते. उठा. साल 1890, महिना ऑक्टोबर, मुक्काम पुणे, वेताळ पेठ. पुढे हिलाच गुरुवार पेठ म्हणतील. तुम्ही इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या सेंट मेरी मठातली एक तरुण सिस्टर आहात. सुएझमार्गे मुंबई, तिथून बोरघाट चढणारी आगगाडी, मग टांगा, असं करत पंचहौद मिशनात येऊन पडलात. तुमचं नाव पेठेत कुणी विचारलेलं नाही. तुम्ही मडमबाई.

खिडकीबाहेर पाचच वर्षांपूर्वी बांधून झालेलं पवित्र नाम देवालय आहे. कात्रजच्या तलावाचं पाणी पेशवाईपासून शहरातल्या हौदांत येतं, आणि पुण्याची सकाळ हौदावरच सुरू होते. तिथे गर्दी असेल तर पुढे होऊ नका. तुमचा हात लागला की भरलेली कळशी ओतून द्यावी लागते. बायका तोंडावर काही बोलणार नाहीत, फक्त पदर सावरून बाजूला होतील.

सोमवारी शास्त्रीबुवा येतात. ते टेबलापासून चार हात दूर, स्वतःच्या आसनावर बसतात. तुमच्यापुढे मोल्सवर्थचा जाडजूड कोश आणि बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, दोन्ही 1857 सालची. ‘ळ’ काही केल्या तुमच्या जिभेवर येत नाही. बुवा न कंटाळता पुन्हा म्हणून दाखवतात. पगाराचे रुपये हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. घरी गेल्यावर ते आधी अंघोळ करतील, मग जेवतील. यात राग नाही, रिवाज आहे. तुम्हाला मात्र तो पहिले काही दिवस झोंबतो.

मंगळवारपासून शाळा आणि वाडे. शाळेत मुली पाट्या घेऊन बसतात. पाढे पाठ, शिवण सुबक, बायबलची गोष्ट ऐकायलाही तयार. पण प्रार्थनेला डोळे मिटताना एक-दोघी हळूच हसतात. दुपारी वाड्यात जायचं. माजघराच्या उंबऱ्याशी तुमच्यासाठी वेगळी चटई टाकलेली असते. धाकटी सून बाराखडी गिरवते. सासू तुमच्या कपाळाकडे बघते. कुंकू नाही, गळ्यात काही नाही, अंगावर पायघोळ झगा. शेवटी न राहवून विचारते, “यजमान कधी वारले?” लग्नच केलं नाही म्हटल्यावर ती सुनेला म्हणते, “बघ बाई, आईबापांनी किती मोकळं सोडलंय.” यात कौतुक किती आणि कीव किती, ते तिचं तिलाच ठाऊक. तुम्ही वळलात की चटईवर पाणी शिंपडलं जाईल.

तुमच्या मठाचं नाव पुण्यात एका कारणाने गाजलेलं आहे. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजमध्येच बाप्तिस्मा घेतला. गेल्या वर्षी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि येत्या नोव्हेंबरात ते पुण्याला येणार आहे. म्हणून वाड्यांची दारं तुमच्यासाठी जेमतेमच किलकिली होतात. आज शिकवतील, उद्या बाटवतील, हा धाक घराघरात आहे.

शेजारच्या गंज पेठेत जोतीराव फुले अंथरुणाला खिळलेत. 1888 मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेला, तरी डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढला. येत्या 28 नोव्हेंबरला ते जातील. ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, 1848 मध्ये स्वतः मुलींची शाळा काढली, पण ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या शाळेतून निघालेला पुण्यातला सर्वांत मोठा माणूस चर्चबाहेरच राहिला. तुमच्या कामाचा अंदाज यावरूनच बांधा.

आणि आता ती संध्याकाळ. मिशनात व्याख्यान आहे. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मंडळी आली आहेत. निमंत्रणामागे गोपाळराव जोशी आहेत, दिवंगत डॉ. आनंदीबाईंचे पती. व्याख्यान संपतं. तुम्ही बशा पुढे करता : चहा आणि बिस्किटं. क्षणभर कुणी हलत नाही. मग एक हात पुढे येतो, मागोमाग दुसरा. कुणी घोट घेतो, कुणी कप नुसता हातात धरतो, कुणी न पिता खाली ठेवतो. तुम्हाला वाटतं, चहा बिघडला असावा. गोपाळराव मात्र नावं टिपून घेतायत.

ती यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि सनातनी मंडळी खवळली. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीसाठी कमिशन नेमलं गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. 1892 मध्ये रानड्यांनीही घेतलं, आणि सुधारकांनीच त्यांना त्याबद्दल धारेवर धरलं. हे सगळं तुम्हाला अजून ठाऊक नाही. तुम्ही कप विसळताय.

रविवारी उपासना. मराठी गीतं विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेली; कवी ना. वा. टिळकांच्या बाप्तिस्म्याला अजून चार वर्षांहून जास्त अवकाश आहे. त्यांच्या भजनांनी मराठी चर्चचा सूर मराठी होईल, तो पुढे. दुपारी मठाला पत्र लिहायचं : शाळेत मुली किती, वाडे किती झाले, नवे बाप्तिस्मे किती. शेवटच्या रकान्यात शून्य. चहाचा उल्लेख एका ओळीत, पाहुणे आले होते म्हणून.

पण त्या आठवड्याचा खरा हिशेब त्या ओळीतच आहे. उपदेशाने पुणं हललं नाही. कुणाच्या हातचं काय प्यायचं, हा प्रश्न बशीतून थेट पुढाऱ्यांसमोर आला तेव्हा मात्र सनातनी कोण, सुधारक कोण आणि काठावर कोण, हे शहराला छापील यादीनिशी कळलं. मिशनऱ्यांनी पुण्याला धर्म देऊ केला. पुण्याने त्यातून शाळा उचलली, शिवण उचललं, वाद उचलला, आणि प्रायश्चित्त घेऊनही चहा काही सोडला नाही.